ऑफिसची पर्यावरण समिती फसते कुठे? या चुका टाळा

कंपनीत विविधता, म्हणजे बायका आणि वेगवेगळ्या गटांतली माणसं, आली की पर्यावरणाची काळजी आपोआप वाढते, असं हल्ली बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये सांगतात. आपोआप काही होत नाही. एसी, कचरा, प्रवास यांचे निर्णय ज्यांना सोसावे किंवा राबवावे लागतात, त्यांच्या म्हणण्यावरून ते निर्णय बदलता आले, तरच फरक पडतो. नाही तर पुढे दिलेल्या तक्रारी सुरू होतात.

एसी २० वर आणि अर्ध्या बायका शाली पांघरून

ही तक्रार 'लेडीजना थंडी वाजतेच' म्हणून हसण्यावारी नेणं ही सर्वांत महाग चूक. ऑफिसमधल्या तापमानाचे जे निकष जगभर वापरले जातात, त्यांची गणितं १९६०च्या दशकातली. त्यात शरीर किती उष्णता तयार करतं याचा आकडा धरला तो साधारण ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचा. २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दोन डच संशोधकांनी दाखवलं, की या पद्धतीने बायकांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. म्हणजे चूक हिशेबात आहे, आणि तिचं वीजबिल कंपनी भरते. एसी एक अंशाने वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तर स्टार रेटिंगच्या रूम एसींची मूळ सेटिंगच २४ अंश आहे. सेंट्रल एसीला मात्र कुणी विचारत नाही. तो साहेबांच्या केबिनकडे बघून चालतो.

दुरुस्ती करताना सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, कारण साहेब समोर बसलेले असतात. प्रत्येक जागेवर जाऊन, प्रत्येक शिफ्टमध्ये विचारा. झडपेखाली बसणारे गारठतात आणि पश्चिमेच्या काचेशी बसणारे भाजतात, तेव्हा आधी झडपांची दिशा आणि पडदे बघा, मग तापमान एकेक अंशाने वर न्या. आणि मे महिन्यात पुण्यात ब्लेझरची सक्ती असेल, तर तीही वीजबिलातच मोजा.

तीन रंगांचे डबे आणले, संध्याकाळी सगळं एकाच पिशवीत

समितीत इंजिनिअर असतात, एचआर असतं, कधी एखादा उत्साही इंटर्नही असतो. हाउसकीपिंगच्या मावशी नसतात, कारण त्या ठेकेदाराच्या पगारावर. मग पोस्टर लागतं, स्वच्छतेची शपथ होते, पण चार मजल्यांसाठी ट्रॉली एकच आहे आणि सुका कचरा ठेवायला खाली जागाच नाही, हे कुणाला कळत नाही. दोष मावशींच्या 'सवयी'ला दिला जातो.

पुण्यात तरी ही चूक होऊ नये. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना इथे १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हा त्यांचा आग्रह. पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. ज्यांचे हात त्या कचऱ्यात रोज जातात त्यांच्याच कामातून आलेली ही युक्ती. तिला खर्च एका स्केचपेनचा. उलट अनेक ऑफिसांत बायकांना न विचारता टॉयलेटमध्ये पॅड जाळायचं छोटं मशीन बसवतात. कमी तापमानाला प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

तेव्हा मावशींना बैठकीला बोलवा, पण त्यांच्या शिफ्टच्या वेळेत, त्या वेळेचा पगार देऊन आणि मराठी-हिंदीत. 'तुम्हीही बोला' असं शेवटच्या पाच मिनिटांत म्हणणं म्हणजे न बोलावणंच.

सायकल आठवड्यात दरवर्षी तेच चेहरे

लांबून येणारी, मुलाला शाळेत सोडून येणारी, गुडघे दुखणारी माणसं त्यात बसतच नाहीत. बक्षिसं सायकलऐवजी बस, मेट्रो आणि गाडी वाटून येणाऱ्यांना द्या. वीज वाचवायची म्हणून लिफ्ट बंद ठेवणं तर चूकच. आणि उत्सर्जनाच्या नावाखाली रात्रीच्या कॅब कापू नका: महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांना घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची आहे. मार्ग एकत्र करा, फेऱ्या कमी होतील.

अहवाल देखणा, बिल तेवढंच

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना २०२२-२३ पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीचा बीआरएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी आणि पर्यावरणाचा, अहवाल बंधनकारक आहे. एकूण पगारात महिलांचा वाटा किती आणि वीज, पाणी, कचरा किती, हे त्यात एकाच ठिकाणी येतं. दोन्ही आकडे सुधारलेले दिसले की 'एकामुळे दुसरं' असं लिहायचा मोह होतो. पण सूचीबद्ध कंपनीत महिला संचालक असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि पैसा असलेल्या मोठ्या कंपन्या दोन्हीकडे बरं काम दाखवू शकतात. दावा करायचाच असेल, तर कोणाच्या सांगण्यावरून कोणता निर्णय बदलला आणि त्यानंतर मीटरवर काय दिसलं, हे इतिवृत्तात नोंदवा.

त्याच अहवालात कायम आणि कायम नसलेल्या कामगारांचे रकाने वेगळे आहेत. तुमच्या इमारतीतल्या मावशी त्यात मोजल्या आहेत का, ते आधी बघून घ्या.