फूड कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर बदलताय? आधी आयटम मास्टर साफ करा

डेमो बघायला नंतर जा, आधी आयटम मास्टर, म्हणजे सिस्टीममधली सगळ्या मालाची कोडसकट यादी, उघडा. एकच माल तीन कोडवर दिसणार, कुणी 'बॉक्स' लिहिलंय कुणी 'बीओएक्स', आणि बॉक्समध्ये किती नग हे फक्त स्टोअरवाल्याच्या डोक्यात. हे तसंच नवीन ईआरपीत (खरेदी, स्टॉक, विक्री सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) ओतलं तर स्टॉक पहिल्या दिवसापासून चुकणार, मग सगळे परत एक्सेलवर.

डेमोत व्हेंडरला त्यांचा नाही, तुमचा डेटा द्या. आणि एकच काम सांगा: कच्च्या मालाचा हा लॉट खराब निघाला, तो कुठल्या बॅचमध्ये गेला आणि त्या बॅचेस कुठल्या गिऱ्हाईकांकडे गेल्या ते दाखव. तिथं अडखळला तर बाकीचे रंगीत डॅशबोर्ड बघण्यात अर्थ नाही, खरंच. दुसरं म्हणजे डिस्पॅचला आधी आलेला माल आधी नाही, तर आधी एक्स्पायर होणारा आधी सुटला पाहिजे, ही सेटिंग बऱ्याचदा बंदच असते.

वजनावर विकला जाणारा माल असेल तर नग आणि किलो दोन्ही एकत्र ट्रॅक होतात का ते विचाराच.

गो-लाईव्ह, म्हणजे नवीन सिस्टीमवर प्रत्यक्ष काम सुरू करणं, सीझनमध्ये किंवा इयर एंडला नको. आधी एकाच गोडाऊनपासून सुरू करा, फिजिकल स्टॉक मोजूनच ओपनिंग स्टॉक टाका, जुन्या सिस्टीमचे आकडे कॉपी करू नका. आणि कोल्ड स्टोरेजमध्ये वायफाय येतं का, ग्लोव्हज घालून स्कॅनरचं बटण दाबता येतं का, हे स्वतः आत उभं राहून बघा, ऑफिसात बसून नाही कळत ते.