जीपीए असताना दात काढणे आणि कवळी बसवणे

ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, म्हणजेच जीपीए, या रक्तवाहिन्यांच्या दुर्मिळ आजारात दात काढण्याआधी आजार शांत आहे का ते बघा. हिरड्या लालभडक, दाणेदार, स्ट्रॉबेरीसारख्या दिसत असतील तर त्या आजारानेच सुजलेल्या असू शकतात. अशा वेळी दात साफ करून भागत नाही; आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

तारीख ठरवण्यापूर्वी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आयएनआरही (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते). हाडांसाठी अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड चालू असेल तर दंतवैद्यांना सांगाच, कारण दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून निर्जीव होऊ शकते. ही औषधे सुरू व्हायची असतील तर खराब दात त्याआधीच काढून घ्यावेत.

सकाळची वेळ घ्या आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची नेहमीची गोळी चुकवू नका. "उपाशी या" म्हटल्यावर पुष्कळ जण गोळीही टाळतात, हे फार धोक्याचे. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीर स्वतःचे बनवणे कमी करते, आणि गोळी चुकली तर ऐनवेळी रक्तदाब कोसळू शकतो. वाढीव डोस लागेल का, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. पूर्ण भूल द्यायची असेल आणि आवाज बसलेला असेल किंवा श्वास घेताना शिट्टी वाजत असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी कळवा. या आजारात श्वासनलिका अरुंद होऊ शकते.

वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले तर सायनसला (नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीला) भोक पडलेले असू शकते. नाक शिंकरू नका, लगेच परत जा. दुखल्यास पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला जड जातात, मेथोट्रेक्सेट (जीपीएवरचे एक औषध) चालू असेल तर जास्तच.

कवळीचे माप एरवी 6 ते 8 आठवड्यांनी घेतात. इथे कॅलेंडर नको, हिरडी पूर्ण मिटलेली हवी. नवी कवळी टोचली तर घरी कानशीने घासू नका. दाखवायला जाण्याआधी काही तास ती घाला, म्हणजे लाल खूण उमटते. दंतवैद्य आतून पेस्ट लावून कवळी बसवतात. पेस्ट जिथे पुसली जाते तेवढेच ॲक्रिलिक घासायचे. त्यानंतरही जखम 2 आठवड्यांत भरली नाही तर जखमेचा तुकडा तपासायला द्यावा.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्याने ती वाकते. टाळूवर नेमका कवळीच्या आकाराचा लाल पट्टा दिसला तर बहुधा बुरशी आहे. औषध तोंडाला लावायचे, कवळीही निर्जंतुक करायची. वॉरफरिन घेणाऱ्यांनी बुरशीवरचे मायकोनॅझोल जेल वापरू नये, रक्तस्राव होऊ शकतो.