टेकडीवर पवनचक्क्या येण्यापूर्वी: दृश्य-परिणाम गावानेच कसा तपासावा

कोणत्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते हे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या सूचीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे विदर्भातील एखाद्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहणार असल्या, तरी गावाच्या दृश्यात त्यांनी काय बदलेल याचा अभ्यास कोणी करून देईलच असे नाही. ब्रिटनमध्ये समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्पांसाठीही हा अभ्यास ठरलेल्या पद्धतीने केला जातो, आणि ती पद्धत आपल्या शिवारात वापरता येते. ग्रामसभेने ठराव घेण्यापूर्वी हे काम स्वतः करावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम कंपनीकडून प्रत्येक पवनचक्कीचे अक्षांश-रेखांश आणि पात्याच्या टोकापर्यंतची उंची लेखी मागावी. केवळ मनोऱ्याची उंची सांगितली, तर पात्याची लांबी त्यात मिळवावी लागते. क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत जमिनीच्या उंचीचा नकाशा घालून पवनचक्की कुठून दिसू शकेल, हे तालुक्याच्या ठिकाणचा जाणकार विद्यार्थीही काढू शकतो. असा नकाशा घरे आणि बहुतांश झाडे हिशेबात घेत नाही, म्हणून तो जास्तीत जास्त किती भागातून दिसेल एवढेच सांगतो. समुद्रातील प्रकल्पांत पाण्यावर आडोसा नसला, तरी समुद्रकिनारी पाण्यालगत उभ्या माणसाला २० किलोमीटरवरील पवनचक्कीचा सुमारे १५ मीटर बुंधा पृथ्वीच्या वक्रतेमुळे दिसत नाही. आपल्याकडे आड येतात त्या मुख्यतः टेकड्यांच्या रांगा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते पायी फिरूनच करावे लागते. वडाचा पार, शाळेचे अंगण, पांदण जिथे वावरात उघडते ती जागा, यात्रेची वाट, तलावाची पाळ अशी ठिकाणे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी किती लोक, किती वेळ आणि कशासाठी थांबतात ते लिहावे. लोणारसारख्या ठिकाणी एकच नोंद पुरणार नाही: सरोवराच्या काठावरून पाहताना विवराचा कडा दूरच्या गोष्टी झाकतो, पण कडा चढून वर आल्यावर त्याच गोष्टी क्षितिजावर उघड्या दिसू शकतात.

आकाराचा अंदाज साध्या पट्टीने येतो. पट्टी डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर उभी धरावी. २०० मीटर उंचीची पवनचक्की २ किलोमीटरवरून पट्टीवर ६ सेंटीमीटर, ५ किलोमीटरवरून २.४ आणि १० किलोमीटरवरून १.२ सेंटीमीटर एवढी भरते. पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे आकडे वाचून दाखवण्यापेक्षा पट्टी त्यांच्या हाती द्यावी आणि टेकडीची उंचीही तिच्यावर मोजायला सांगावी. ज्या टेकडीची उंची पट्टीवर जेमतेम दीड सेंटीमीटर भरते, तिच्यावर सहा सेंटीमीटरची पवनचक्की आली तर टेकडीच ठेंगणी दिसू लागते, आणि हा परिणाम अंतराच्या आकड्यांतून कळत नाही.

ऋतूकडे दुर्लक्ष झाले की सारी नोंद फसवी ठरते. पावसाळ्यात सागाच्या पानांआड जे झाकलेले असते, ते उन्हाळ्यात पानगळीनंतर उघडे पडते. हिवाळ्याच्या सुरुवातीला डोक्याएवढी वाढलेली तूर पांदणीवरून टेकडी दिसू देत नाही, आणि तूर कापली की तीच टेकडी समोर येते. त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत एकदा आणि पानगळीत एकदा, अशी दोनदा पाहणी करावी.

छायाचित्रांबाबत सावध राहावे. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद दृश्य टिपतो आणि दूरची वस्तू बारीक दाखवतो. शक्य असल्यास ५० मिलिमीटर भिंगाचा पूर्ण-चौकट (फुल-फ्रेम) कॅमेरा वापरावा, अन्यथा मोबाइलवर दुप्पट झूम ठेवावा. कंपनीने दाखवलेल्या चित्राखाली भिंग आणि जागा लिहिलेली नसेल, तर ते चित्र पुरावा म्हणून स्वीकारू नये.

शेवटी प्रत्येक ठिकाणासाठी दोन गोष्टी ठरवाव्यात: तिथल्या माणसांना दृश्याचे किती महत्त्व आहे आणि बदल किती मोठा आहे. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशापेक्षा रोज त्याच अंगणात बसणाऱ्या आजींचे मत अधिक वजनाचे मानावे. रात्री मनोऱ्यांवर लागणारे लाल दिवे, टेकडीवर जाणारा नवा रस्ता आणि वीजवाहिनीचे टॉवर यांची नोंद त्याच तक्त्यात घ्यावी, आणि हा तक्ता छायाचित्रांसह ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून त्याची प्रत कंपनीला द्यावी.