एसटीच्या गेमचा हिशोब: जाहिरातीवर पैसे घालण्याआधी

माझ्या पहिल्या मोबाइल गेममध्ये लाल एसटी घाटातले खड्डे चुकवत न्यायची. चाक खड्ड्यात गेलं की खेळ खलास. तीन हजार डाउनलोड झाले तेव्हा मी मित्रांना मिसळ खिलवली. रात्री हिशोबाला बसलो. डाउनलोड मिळवायला जाहिरातींवर १२,००० रुपये गेले होते आणि गेमने आत दिसणाऱ्या जाहिरातींतून कमावले होते ५४०. मिसळीचं बिल वेगळं.

तेव्हा डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवा आणि पैशाला माणसांनी भागा. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘क्रॉसी रोड’ने ९० दिवसांत एक कोटी डॉलर कमावले, हे सगळे सांगतात. पण डाउनलोड होते पाच कोटी. म्हणजे माणशी २० सेंट, तेही एवढ्या गाजलेल्या गेमला.

आपला माणशी आकडा काढायला दोनच गोष्टी लागतात. गेम सोडून जाईपर्यंत माणूस सरासरी किती जाहिराती बघतो, आणि ईसीपीएम, म्हणजे हजार वेळा जाहिरात दिसली की हातात किती पडतात. माझ्याकडे माणशी ६ जाहिराती आणि ईसीपीएम ३० रुपये. गुणाकार करा: १८ पैसे. आणि एक डाउनलोड मला चार रुपयांना पडत होतं!

ईसीपीएम फारसा आपल्या हातात नसतो. अमेरिकेतल्या खेळाडूमागे भारतापेक्षा बराच जास्त मिळतो, म्हणून तो देशवार बघा; एकत्र सरासरी फसवते. आपल्या हातात आहे ते सहाचे वीस-पंचवीस करणं. त्यासाठी माणूस उद्या परत यायला हवा.

अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनात, ‘डे वन रिटेन्शन’ उघडा. आज आलेल्या शंभरातले उद्या किती आले? माझे १४. कारण भाच्याने सांगितलं: ‘मामा, खेळतोय कमी, फुली शोधतोय जास्त.’ डाव संपायचा ११ सेकंदांत आणि प्रत्येक डावानंतर मी स्क्रीनभर जाहिरात टाकली होती. हावरटपणा, दुसरं काय.

मग पहिले तीन डाव जाहिरात बंद केली. पुढे दोन जाहिरातींमध्ये किमान ९० सेकंद ठेवले. ‘व्हिडिओ बघा, एसटी खड्ड्यातून काढा’ असं बटण दिलं. बघायचा की नाही, खेळणाऱ्याची मर्जी. ‘क्रॉसी रोड’मध्येही व्हिडिओ असेच मर्जीने बघायचे होते. घाटाची पहिली दोन वळणंही रुंद केली. रिटेन्शन २७ वर गेलं. एका बैठकीतल्या जाहिराती घटल्या, माणशी एकूण मात्र वाढल्या.

स्वस्त फोनवर गेम बंद पडतो का, तेही तपासा. प्ले कन्सोल म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान; त्यातल्या अँड्रॉइड व्हायटल्स या भागात क्रॅशचं (गेम अचानक बंद पडण्याचं) प्रमाण १.०९ टक्क्यांवर गेलं की प्ले स्टोअर गेमला मागे ढकलू शकतं.

हे सगळं झाल्यावर जाहिरातीतून दोन-तीनशेच माणसं आणा, आठवडाभर थांबा आणि पुन्हा भागाकार करा. माझा भागीदार ‘फ्लॅपी बर्ड’ या गेमचं उदाहरण देतो: मे २०१३ मध्ये आला, आठ महिने कुणी विचारलं नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये एकदम वर. मी त्याला म्हणतो, त्या भरवशावर ईएमआय भरता येत नाही.

सध्या माझा माणशी आकडा ७० पैसे आहे आणि डाउनलोड अजून चारच रुपयांना पडतं. त्यामुळे गेमची जाहिरात करणं बंद आहे. भाचा रोज एसटी दरीत घालतानाचा एक रील टाकतो, ते फुकट पडतं.