हायब्रिड गाडी घेताय? सरकारी सवलतीच्या हिशेबात या चुका टाळा

माझ्या आतेभावाने हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, एसयूव्ही घेतली आणि पहिल्याच रविवारी घरच्यांना घेऊन अटल सेतूवर गेला. पलीकडे पोचेपर्यंत फोनवर फास्टॅगचा मेसेज: २५० रुपये कापले. लगेच मला फोन. "अरे, गाडी तेव्हा बॅटरीवर चालत होती! स्क्रीनवर हिरवं ईव्ही लिहून आलं होतं!"

आलं असेल. पण टोलमाफी स्क्रीन बघून मिळत नाही, आरसी बुकातल्या इंधनाच्या रकान्यावरून मिळते. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरची माफी पूर्ण इलेक्ट्रिक चारचाकींना आणि बसना आहे. हिरवी नंबरप्लेटही त्यांचीच. तुमची प्लेट पांढरी असेल तर टोल भरायचा, विषय संपला.

यापेक्षा महाग पडते ती रोड टॅक्समधली चूक. जुलै २०२४मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर नुसत्या बॅटरीवर धावणारी) आणि प्लग-इन हायब्रिडचा (बॅटरी बाहेरून चार्ज करता येणारी) नोंदणीकर माफ केला. ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरताना 'उत्तर प्रदेश' हे दोन शब्द वाटेतच गळाले. आपल्याकडे पेट्रोल हायब्रिडला पेट्रोल गाडीचाच कर लागतो. १० ते २० लाखांच्या गाडीला १२ टक्के, म्हणजे १८ लाखांच्या गाडीवर दोन लाख सोळा हजार. सेल्समनने कोटेशनमध्ये ही ओळ कोरी ठेवून "बघू, काहीतरी होईल" म्हटलं, तर तिथेच आकडा लिहून घ्या.

मग कोणीतरी शक्कल काढतं: नोएडातल्या मेहुण्याच्या पत्त्यावर गाडी घेऊ आणि पुण्यात चालवू. गाडी एका वर्षाहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा कर. एरवी राज्य बदललं की पहिल्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. पण तिकडे माफीमुळे कर भरलेलाच नसेल, तर मागणार काय?

जीएसटीबद्दलही असाच घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून 'हायब्रिडला १८ टक्के' हे खरं आहे, पण लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच (डिझेलला १५०० सीसी). मारुतीच्या ग्रँड व्हिटाराचं किंवा टोयोटाच्या हायरायडरचं हायब्रिड मॉडेल दोन्ही अटींत बसत नाही. त्यावर ४० टक्के. गंमत म्हणजे आधी या गाड्यांवर सेससकट ४३ टक्के होते आणि तशाच आकाराच्या १५०० सीसी साध्या पेट्रोल गाडीवर ४५. आता दोन्हींवर ४०. दर उतरला, पण हायब्रिडला असलेला दोन टक्क्यांचा फायदाही गेला.

आयकरात ८०-ईईबी या कलमाखाली कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळेल, असं अजूनही सांगतात. ती वजावट फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाडीसाठी होती, शिवाय कर्ज ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेलं हवं होतं. अमेरिकेतल्या भाच्याला मिळालेले साडेसात हजार डॉलरही विसरा. ती सवलत साध्या हायब्रिडला नव्हतीच, प्लग-इनला होती, आणि ३० सप्टेंबर २०२५नंतर घेतलेल्या गाडीला तीही नाही.

मग हायब्रिडवाल्याच्या पदरात पडतं काय? एक गोष्ट, आणि नेमकी तीच कोणी तपासत नाही. जून २०२२च्या दरपत्रकानुसार हायब्रिड गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर साडेसात टक्के सूट आहे. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १०,६४० रुपये. सूट धरून ९,८४२ व्हायला हवा, जीएसटी वेगळा. पॉलिसीत पूर्ण आकडा छापला असेल तर गाडी साधी पेट्रोल म्हणून भरली गेली आहे, दुरुस्त करून मागा.

दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) घेतो. तो आपलाच आगाऊ कर असतो, सवलत नव्हे. रिटर्न भरताना फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक) दिसतो का बघा आणि वळता करून घ्या.

आतेभावाच्या पॉलिसीत १०,६४०च छापले होते. दोन ईमेल आणि आरसीची प्रत पाठवल्यावर ७९८ रुपये परत आले. अटल सेतूच्या तीन खेपा सुटल्या, म्हणाला.