स्ट्रिंग क्वार्टेट ऐकायला सुरुवात करताय?

यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली चार तंतुवाद्यं एकत्र वाजतात: दोन व्हायोलिन, त्याहून थोडं मोठं आणि खालच्या आवाजाचं व्हियोला आणि सगळ्यात खालच्या आवाजाचा चेलो. चारही वाद्यं एकदम पकडायला जाऊ नका, सगळा गुंता होतो. संगीतकार हायडनच्या 'एम्परर' क्वार्टेटची (ओपस ७६, नंबर ३) फक्त दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग, लावा. यात धून तीच राहते, वाजवणारा बदलतो, आधी पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, मग चेलो, मग व्हियोला आणि शेवटी परत पहिलं व्हायोलिन, त्यामुळे कान आपोआप प्रत्येकाचा आवाज ओळखायला लागतात. धून दुसऱ्या व्हायोलिनकडे येते तेव्हा चेलो आणि व्हियोला पूर्ण गप्प असतात आणि पहिलं व्हायोलिन वरून नुसती बारीक नक्षी काढत राहतं, काय सुंदर जागा आहे ती! मग हेडफोन लावून परत ऐका आणि या वेळी फक्त चेलोच्या मागे जा, धून दुसऱ्याकडे असताना तो खाली काय करतोय ते ऐका.