हिंसाचार आणि आंदोलनांच्या डेटावर काम करताय? या चुका टाळा

दुसऱ्यांनी केलेली विश्लेषणं छापायला जाण्याआधी तपासून देणं हे माझं काम. विषय एकच, जगभरातली राजकीय हिंसा आणि आंदोलनं. ॲक्लेड, उप्साला विद्यापीठाचा यूसीडीपी, जीडेल्ट आणि ग्लोबल टेररिझम डेटाबेस या, जगभरातल्या घटनांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार डेटासंचांच्या फाइलींमध्येच माझे दिवस जातात. विश्लेषण करणारी माणसं बदलतात, देश बदलतात, चुका मात्र त्याच येत राहतात. बहुतेकींचं मूळही एकच असतं. फाइलमधली ओळ म्हणजेच घटना, असं धरून चालणं. कुठेतरी काही घडलं, कुणीतरी त्याची बातमी दिली, ती कुणीतरी वाचली आणि ठरलेल्या नियमांनी नोंदवली. मधल्या या दोघा माणसांचा विसर पडला की पुढचं सगळं घसरत जातं.

फाइल सुरू झाली त्या दिवशी हिंसा सुरू झाली, असं समजणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती मला सगळ्यात महागात पडता पडता राहिली.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा मोठा अहवाल माझ्याकडे आला. सकाळी छपाईला जायचा होता आणि रात्रीचे नऊ वाजले होते. पहिल्याच पानावर आलेख होता, १९९७ पासून जगातल्या हिंसक घटना. सुरुवातीची बरीच वर्षं रेषा जमिनीलगत चाललेली आणि शेवटच्या काही वर्षांत कड्यासारखी सरळ वर गेलेली. मथळा होता, जगातली हिंसा कित्येक पटींनी वाढली. आलेख बनवणारा मुलगा हुशार होता, तीन आठवडे राबला होता. मी त्याला फोन करून एवढंच विचारलं, ‘२०१० मध्ये कोलंबियात किती घटना दिसतात?’ त्यानं फिल्टर लावला. शून्य.

२०१० मध्ये कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांचं युद्ध जोरात चालू होतं. त्याच सप्टेंबरात फार्कचा लष्करी प्रमुख मोनो होहोय सैन्याच्या हल्ल्यात मारला गेला. आणि फाइलमध्ये शून्य, कारण ॲक्लेडनं लॅटिन अमेरिकेची नोंद २०१८ पासून धरली आहे. आफ्रिकेची १९९७ पासून, भारताची २०१६ पासून, अमेरिकेची २०२० पासून. आलेखातला तो कडा म्हणजे डेटा गोळा करणाऱ्यांनी एकेक खंड आपल्या कामात घेतल्याच्या तारखा होत्या. रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही आलेख फक्त आफ्रिकेपुरता नव्यानं केला, मथळा काढून टाकला आणि पहिल्या प्रकरणाची निम्मी वाक्यं खोडली. त्या मुलाचा आवाज मला अजून आठवतो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंही माहितीपुस्तिका उघडली नव्हती.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कुठलीही नवी फाइल आली की प्रत्येक देशाची सगळ्यात जुनी तारीख काढून छोटा तक्ता करतो. एखाद्या देशाची पहिली नोंद नेमकी १ जानेवारीच्या आसपास असेल, तर ती तारीख मोजणीच्या सुरुवातीची असते. ग्लोबल टेररिझम डेटाबेस १९७० पासून आहे, पण त्यात १९९३ हे वर्षच नाही. कागदपत्रं एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना त्या वर्षाच्या नोंदी गहाळ झाल्या. ‘१९९३ मध्ये दहशतवाद थांबला होता’ असं वाक्य मी स्वतः खोडलेलं आहे.

शेवटच्या महिन्यांतली घसरण

आलेखाची सुरुवात फसवते तसंच त्याचं टोकही फसवतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रेषा उतरलेली दिसली की नवखा माणूस ‘परिस्थिती निवळतेय’ असं लिहून मोकळा होतो. बातमी उशिरा पोचते, ही साधी गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही.

इथिओपियातल्या टिग्रेचं घ्या. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला युद्ध पेटलं आणि फोन, इंटरनेट दोन्ही बंद झालं. २८ आणि २९ नोव्हेंबरला अक्सुम शहरात एरिट्रियाच्या सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र नागरिकांना मारलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा त्यावरचा अहवाल २६ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिसेंबरात कुणी फाइल उतरवून अक्सुमचा अंदाज बांधला असता, तर इतिहासातल्या त्या भयंकर दोन दिवसांबद्दल त्याच्याकडे जवळपास काहीच नसतं. आणि ज्यांची माणसं तिथे मारली गेली, त्यांनी ते विश्लेषण वाचलं असतं.

म्हणून मी अलीकडचे तीन महिने आलेखात तुटक रेषेनं दाखवतो आणि त्यांच्यावर एकही वाक्य लिहीत नाही. ॲक्लेडची फाइल दर आठवड्याला बदलते, जुन्या नोंदींचे आकडेही सुधारले जातात. फाइलच्या नावातच उतरवल्याची तारीख घाला आणि मूळ फाइलला हात लावू नका. हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे, तरी ‘फायनल नवीन २’ नावाच्या फाइली येतातच.

यातून आणखी खोल गोष्ट निघते. जिथे बातमी देणाराच मारला जातो, तिथे हिंसा वाढते आणि नोंदी कमी होतात. ग्वाटेमालात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डोंगराळ खेड्यांमध्ये लष्कर कत्तली करत होतं, त्याच काळात वृत्तपत्रांतल्या हत्यांच्या बातम्या जवळपास आटल्या. पुढे साक्षी गोळा झाल्या तेव्हा कळलं की वृत्तपत्रं गप्प झाली तीच वर्षं सगळ्यात भीषण होती. एखादा प्रांत नकाशावर कोरा दिसला, की तिथे पत्रकार आहे का, मोबाइलचा टॉवर आहे का, हे आधी विचारा.

बातम्या मोजून घटना मोजल्या असं सांगणं

जीडेल्टच्या बाबतीत हे रोज होतं. तिथे संगणक जगभरच्या बातम्या वाचतो आणि दर पंधरा मिनिटांनी नोंदी टाकतो. वेग प्रचंड आहे, पण एकाच घटनेच्या अनेक बातम्यांतून अनेक नोंदी तयार होऊ शकतात. आणि बातमीत फक्त देशाचं नाव असेल, तर नकाशावरचा ठिपका देशाच्या मध्यावर जाऊन बसतो. एप्रिल २०१४ मध्ये बोको हरामनं नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या. त्यानंतर एका नावाजलेल्या संकेतस्थळानं याच डेटावरून नायजेरियातल्या अपहरणांचा चढता आलेख आणि नकाशा छापला. वाढली होती ती अपहरणांबद्दलच्या बातम्यांची संख्या. टीका झाली आणि त्यांना खुलासा जोडावा लागला. अनुभवी माणसांच्या हातून हे होतं, तर दुपारी फाइल उतरवून संध्याकाळी नकाशा टाकणाऱ्याचं काय होणार? मी जीडेल्ट फक्त ‘कशावर बोललं जातंय’ हे पाहायला वापरतो. किती माणसं मेली हे त्यातून काढायला जाऊ नका.

जीडेल्टमधले देशांचे कोडही वेगळ्या पद्धतीचे आहेत. तिथे एनजी म्हणजे नायजर आणि एनआय म्हणजे नायजेरिया. आपल्या सवयीच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एनजी म्हणजे नायजेरिया. कोडवर दोन तक्ते जोडलेत की दोन शेजारी देशांची अदलाबदल होते आणि कुठलीही एरर येत नाही. आयएसओ पद्धतीत नामिबियाचा कोड एनए आहे, आणि कित्येक सॉफ्टवेअर त्याला ‘माहिती नाही’ समजून अख्खा देश रिकामा करतात.

आंदोलन शांततेचं होतं, म्हणून हिंसेतून वगळणं

ही चूक मला मनापासून लागते. २०२१ मध्ये म्यानमारवर काम करणाऱ्या एका मुलीनं हिंसेची बेरीज करताना ‘प्रोटेस्ट’ हा प्रकार सरसकट काढून टाकला होता. तर्क सरळ होता, निदर्शनं शांततेची, मग ती हिंसेत कशी? तिच्या आलेखात लष्करी उठावानंतरचे फेब्रुवारी-मार्च शहरांमध्ये जवळपास शांत दिसत होते. त्याच दिवसांत सैनिक रस्त्यावर निदर्शकांना गोळ्या घालत होते.

ॲक्लेडमध्ये प्रकार ठरतो तो निदर्शक कसे वागले यावरून. निदर्शक शांत असतील आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, तरी ओळ ‘प्रोटेस्ट’खालीच राहते. ‘एक्सेसिव्ह फोर्स अगेन्स्ट प्रोटेस्टर्स’ हा उपप्रकार त्यासाठीच आहे. तो उपप्रकार काढला की मारले गेलेले निदर्शक तुमच्या हिशेबातून नाहीसे होतात. मी तिला अशा पंधरा ओळींचा नोट्सचा कॉलम, म्हणजे घटनेचं वर्णन, मोठ्यानं वाचायला लावला. सातव्या ओळीला ती थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘सर, मी सगळं परत करते.’ मुख्य प्रकारावर कधीच फिल्टर लावू नका, नेहमी उपप्रकारापर्यंत उतरा.

मृतांचे आकडे

पत्रकार ‘अनेक ठार’ लिहितो तेव्हा नोंदवणाऱ्यापुढे आकडा नसतो. मग नियम लागतो. ॲक्लेडमध्ये अशा वेळी प्रसंग पाहून ३ किंवा १० धरतात, ‘डझनावारी’ असेल तर १२, ‘शेकडो’ असेल तर १००. तीन गावांत मिळून दहा मेले अशी बातमी असेल, तर आकडा तीन ओळींत वाटला जातो, ४, ३, ३. फाइलमध्ये १० पुन्हा पुन्हा दिसतो त्यामागचं एक कारण हे आहे. मी बेरीज देतो तेव्हा शेवटचे अंक गोल करून ‘सुमारे’ लावतो आणि किती ओळींत आकडा अंदाजाचा आहे ते नोट्स वाचून मोजतो. यूसीडीपी कमी, जास्त आणि सर्वोत्तम असे तीन अंदाज देते. तिन्ही दाखवायला जागा लागते, म्हणून लोक एकच घेतात. जागा काढा.

आणि या दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून ‘एक खोटा आहे’ असं कृपा करून लिहू नका. यूसीडीपीत निदान एक मृत्यू असल्याशिवाय घटना येत नाही आणि वर्षात २५ मृत्यूंची पायरी ओलांडल्याशिवाय संघर्ष धरला जात नाही. ॲक्लेडमध्ये कुणालाही खरचटलं नसलेला मोर्चासुद्धा असतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. पन्नास माणसांची निदर्शनं ही एक ओळ आणि लाखोंचा मोर्चाही एकच ओळ, तेव्हा ओळी मोजून आंदोलनाची ताकद सांगू नका. गर्दीचा आकडा देणार असाल तर कुणाचा ते लिहा. हाँगकाँगमध्ये १६ जून २०१९ ला आयोजकांनी जवळपास २० लाख सांगितले, पोलिसांनी ३ लाख ३८ हजार. घटनेतल्या प्रत्येक बाजूची वेगळी ओळ देणारी फाइल उतरवली असेल, तर एकच घटना दोनदा मोजली जाते. ‘स्ट्रॅटेजिक डेव्हलपमेंट’ प्रकारच्या ओळी (करार, अटका अशा घटना) संदर्भापुरत्या असतात, त्यांची देशादेशांत तुलना करू नका. महिन्याच्या १५ तारखेला टेंगूळ दिसलं तर तारखेच्या अचूकतेचा कॉलम पाहा, कारण फक्त महिना माहीत असेल तर मधली तारीख टाकतात. ठिकाणाच्या अचूकतेचंही तसंच, प्रांत एवढाच माहीत असेल तर ठिपका बहुतेक वेळा प्रांताच्या राजधानीवर पडतो आणि ती राजधानी उगाच रक्तरंजित दिसते. एक्सेलमध्ये तारीख उघडताना दिवस-महिन्याची अदलाबदल झाली का तेही बघा.

लोक विचारतात, एवढं सगळं तपासायला वेळ कुठून आणायचा? माझी पद्धत अशी आहे. पहिला आलेख काढण्याआधी फाइलमधल्या कुठल्याही पन्नास ओळी निवडतो आणि त्यांचा नोट्सचा कॉलम, सूत्राचं नाव आणि दोन्ही अचूकतेचे कॉलम वाचतो. शेजारी कागद ठेवतो. आकडा अंदाजाचा वाटला तर एक खूण, ठिकाण धूसर असेल तर दुसरी, एकाच वृत्तपत्रावर सगळं उभं असेल तर तिसरी. दीड तास लागतो. कागदावर एकाच प्रकारच्या दहापेक्षा जास्त खुणा झाल्या, तर त्या दिवशी नकाशा काढत नाही. आधी त्या देशात काम केलेल्या कुणाला तरी फोन लावतो.